निघण्याची वाट आणि राहण्याची जागा : मराठी कथात्म गद्यातील स्त्रीच्या स्वातंत्र्यशोधाविषयी

१

घुसमटलेल्या गावातून बाहेर पडू पाहणारी तरुण स्त्री हे आधुनिक कथात्म साहित्यातील एक अतिपरिचित आशयसूत्र आहे. फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) या कादंबरीला ‘प्रांतातील रीतिरिवाज’ अशा अर्थाचे उपशीर्षक दिले. एमाची घुसमट तिच्या स्वभावातून जशी येते, तशीच ती राजधानीपासून दूर असलेल्या जगण्यातूनही येते, हे त्यातून सूचित होते. इब्सेनची नोरा (१८७९) घराचे दार ओढून घेऊन बाहेर पडते आणि नाटक तेथेच संपते. एक स्त्री राहते आणि मरते, दुसरी निघते आणि आपल्या दृष्टीआड होते. पुढील शतकातील स्त्रीकेंद्री लेखनाचा बराचसा आराखडा या दोन शक्यतांमध्ये उभा राहिला आहे.

या आराखड्यात एक गृहीतक दडलेले आहे. बंधन हे एका ठिकाणाला चिकटलेले असते आणि ठिकाण सोडले की बंधन सुटते, असे ते गृहीतक होय. आपली समीक्षाही हे गृहीतक बहुधा न तपासताच स्वीकारते. नायिका गावाहून शहरात गेली की तिच्या ‘आत्मभाना’ची नोंद केली जाते, ती गावीच राहिली तर ती ‘परंपरेची बळी’ ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू हे गृहीतक तपासून पाहण्याचा आहे. त्यासाठी विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) हे आरंभीचे लेखन, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन आणि कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) ही कादंबरी विचारार्थ घेतली आहे. ही निवड प्रातिनिधिक असल्याचा दावा नाही. आत्मकथन आणि कादंबरी यांच्या सत्याचे निकष वेगळे आहेत, याचीही जाणीव आहे. मात्र या संहितांत स्थलांतराची दिशा भिन्न आहे आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती भिन्नताच महत्त्वाची आहे.

प्रथम एका संज्ञेची अडचण नोंदवावयास हवी. आपल्याकडे ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ ही जोडी इतकी रुळली आहे की या दोहोंमधील तालुक्याच्या गावाला समीक्षेत नावच उरलेले नाही. वास्तविक ज्या घुसमटीविषयी आपण बोलतो तिचे खरे क्षेत्र हेच आहे. येथे शाळा असते, महाविद्यालय असते, एसटीचे स्थानक असते. मुलगी शिकते, वाचते, बाहेरच्या जगाची वार्ता तिला असते. परंतु स्थानकापासून महाविद्यालयापर्यंतच्या रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदार तिच्या वडिलांना ओळखतो. तिला नाव विचारले जाण्यापूर्वी ‘कुणाची मुलगी?’ हा प्रश्न विचारला जातो. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे दैन्य आणि महानगरातील स्त्रीचे एकाकीपण यांहून ही स्थिती वेगळी आहे. आकांक्षा जागी करणारी आणि तिच्यावर पाळत ठेवणारी व्यवस्था येथे एकच असते. ‘ग्रामीण साहित्य’ आणि ‘स्त्रीवादी साहित्य’ असे दोन स्वतंत्र कप्पे केल्यामुळे ही मुलगी आपल्या अभ्यासक्रमांत दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

२

विभावरी शिरूरकर म्हणजे त्या वेळच्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. घोडनदीसारख्या लहान गावातील शालेय शिक्षणानंतर त्या कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत, वसतिगृहात राहून शिकल्या आणि पुढे त्याच परिवारातील शाळेत त्यांनी काम केले. ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होताच उठलेला गदारोळ आणि टोपणनावामागील व्यक्ती कोण याविषयीचे कुतूहल हा वाङ्मयेतिहासाचा सुपरिचित भाग आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या कथांतील तरुणींनी पहिला उंबरठा आधीच ओलांडलेला आहे. त्या शिकल्या आहेत, कमावत्या आहेत. नोराने ज्या दारातून बाहेर पाऊल टाकले, त्या दाराच्या बाहेरच या कथा सुरू होतात.

आणि तरीही त्या ‘निःश्वास’ आहेत. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे या संग्रहातील एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. मुलीच्या मिळकतीवर वडिलांचे वाढते कुटुंब चालते आणि म्हणूनच तिचे लग्न लांबणीवर पडत जाते. ‘स्वतःची खोली’ मागणाऱ्या व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये स्त्रीच्या लेखनस्वातंत्र्यासाठी खोलीबरोबर वर्षाकाठी पाचशे पौंडांची निश्चिती आवश्यक मानली होती. वुल्फची ती मिळकत वारशाने आलेली, म्हणजे कुणाच्याही मागणीपासून मोकळी होती. शिरूरकरांच्या तरुणींजवळ पगार आहे. परंतु तो हातात पडण्यापूर्वीच त्यावर घराची मालकी आहे. अर्थार्जन म्हणजे स्वातंत्र्य हे सुधारकांचे समीकरण या कथांनी, ते नुकतेच कुठे प्रतिष्ठित होत असताना, आतून तपासले. हे त्यांचे वैचारिक धाडस ‘धीट चित्रण’ या तेव्हाच्या आणि नंतरच्याही शेऱ्याखाली झाकले गेले.

‘हिंदोळ्यावर’मधील अचला नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे आणि तरीही तिला सहवासाची व मातृत्वाची ओढ आहे. त्या वेळी हिंदू स्त्रीला मुंबई इलाख्यात घटस्फोटाची कायदेशीर वाट नव्हती. तेथे ती १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने उपलब्ध झाली. अचलेचा प्रश्न त्यामुळे केवळ मनाच्या दोलायमानतेचा उरत नाही. हिंदोळा जोराने पुढे जातो, मागे येतो. वरची कडी मात्र जागची हलत नाही. शीर्षकातील या प्रतिमेकडे मनोविश्लेषणाच्या अंगाने पाहण्याची प्रथा आहे. मला ती कायदा आणि कुटुंब यांच्या अंगाने अधिक अर्थपूर्ण वाटते.

या लेखनाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याचे जग पांढरपेशा, प्रामुख्याने ब्राह्मणी मध्यमवर्गाचे आहे, आणि ज्या संस्थात्मक आधारावर हे अनुभवविश्व उभे आहे तो आधार सर्वांना उपलब्ध नव्हता. मात्र लेखिकेला या मर्यादेची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केल्यानंतर त्यांनी ‘बळी’ (१९५०) लिहिली. तारेच्या कुंपणातील त्या वसाहतीचा अनुभव घेतल्यावर त्यांच्या लेखनातील कोंडमाऱ्याचा अर्थच विस्तारला.

३

‘आयदान’ या शब्दाने कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंचा बोध होतो. ऊर्मिला पवार यांची आई आयदाने विणून घर चालवीत असे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेने स्वतःच नाते जोडले आहे, आणि बहुतेक विवेचने या रूपकापाशी येऊन थांबतात. माझ्या मते या ग्रंथाच्या रचनेचा खरा गाभा विणीइतकाच वाटेत आहे.

ग्रंथाच्या आरंभीच फणसवळे आणि आसपासच्या वाड्यांतील स्त्रिया डोंगर ओलांडून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या दिसतात. डोक्यावर लाकडांचे भारे, गवत, आंबे असे ओझे. वाटेत थट्टा, शिव्या, एकमेकींची विचारपूस. स्त्रीच्या बाहेर पडण्याचे मराठीतील हे एक अत्यंत वेगळे चित्र आहे. या स्त्रिया रोज घराबाहेर पडतात, शहरात पोचतात आणि संध्याकाळी परततात. ‘उंबरठा ओलांडणे’ ही ज्या वर्गाची मुक्तीची खूण आहे, त्या वर्गाबाहेरच्या स्त्रीला उंबरठ्याने कधी अडविलेच नव्हते. पोट भरण्यासाठी तो ओलांडावाच लागत होता. म्हणून केवळ बाहेर पडण्याला स्वातंत्र्य मानणारी समीक्षा या पहिल्याच प्रसंगापाशी अडखळते.

वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी घर रत्नागिरीजवळ आणले. ते शिक्षक होते. लेखिकेच्या लहानपणीच ते गेले, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह आईने धरून ठेवला. म्हणजे येथे गाव सोडण्याचा निर्णय मुलीच्या बंडाचा नसून कुटुंबाचा आहे आणि त्यामागे डॉ. आंबेडकरांच्या विचाराने जागी झालेली एक सामूहिक आकांक्षा आहे. या बाबतीत ‘आयदान’ नोराच्या आराखड्यापासून मुळातच दूर जाते. येथे मुक्तीचा शोध कुटुंबाविरुद्ध सुरू होत नाही, कुटुंबातूनच सुरू होतो. कुटुंबाशी संघर्ष पुढे येतो. पण शहराची वेस ओलांडल्याने जात मागे राहिली नाही. आयदाने पोचवायला गेलेल्या मुलीला घरांपासून अंतरावर उभे केले जाते, वस्तूंवर पाणी शिंपडले जाते, पैसे हातावर वरून टाकले जातात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावातील ‘ओळखीचे असणे’ या प्रसंगी किती निर्दय होते! मुलीची जात विचारण्याची कुणाला गरजच पडत नाही.

१९६६ मध्ये लग्न, शासकीय नोकरी, १९७६ मध्ये मुंबई. येथून ग्रंथाचा दुसरा ताण आकार घेतो. प्रेमाने जोडलेल्या, सुरुवातीस उत्तेजन देणाऱ्या पतीशी संघर्ष उभा राहतो तो मुख्यतः वेळेवरून. एम.ए.चा अभ्यास, स्त्रीमुक्तीच्या बैठका, दलित स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास गोळा करण्यासाठीची भटकंती या प्रत्येक गोष्टीला लागणारा वेळ घराच्या खात्यातून काढावा लागतो आणि त्याचा हिशेब मागितला जातो. मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागावरील ग्रंथ याच तासांतून उभा राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे या ताणाचे मोल कळते.

वेळेचा हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. जात्यावरच्या ओव्या पहाटेच्या कामाच्या वेळीच गाइल्या गेल्या. अभिव्यक्तीसाठी निराळा वेळ त्या स्त्रियांना कधी मिळालाच नाही, म्हणून त्यांनी कामाच्याच लयीत तो शोधला. आईचे विणणेही असेच. तिचे रडणे, बोलणे, रागावणे सारे विणता विणता. लेखिकेने मात्र कामापासून अलग असा वेळ मागितला आणि संघर्ष झाला तो या मागणीपाशी. पुस्तकाची रचना काळाच्या सरळ रेषेने जात नाही. एका आठवणीतून दुसरी निघते, मुंबईतून अचानक फणसवळ्याची वाट लागते. मुंबईचा भाग बालपणाच्या भागाइतका दाट नाही, असे एक निरीक्षण नोंदविता येईल. परंतु त्याचे कारण केवळ कलात्मक उणीव नव्हे. गावाकडच्या स्त्रियांचा जो मेळा पहिल्या पानांत आहे त्याची जागा घेणारा मेळा लेखिकेला शहरात घडवावा लागतो. मैत्रिणी, संघटना, व्यासपीठे हे सारे प्रयत्नसाध्य आहे. वाटेवरचा सहवास जसा आपसूक मिळाला तसा तो येथे मिळत नाही.

४

कविता महाजन (१९६७–२०१८) यांचा जन्म नांदेडचा. त्यांच्या ‘ब्र’मध्ये स्थलांतराची दिशाच उलटी होते. नायिका प्रफुल्ला विवाहात पुरती मोडून पडलेली, मुलापासून तुटलेली शहरी स्त्री. ‘प्रगत भारत’ या स्वयंसेवी संस्थेत ती काम करू लागते आणि आदिवासी भागातील पंचायतींत निवडून आलेल्या स्त्रियांना भेटत फिरते. एमाला पॅरिस हवे होते. प्रफुल्लाला आपला श्वास मोकळा करण्यासाठी पाड्यांवर जावे लागते. घुसमट शहरातल्या चार भिंतींत आहे आणि मोकळीक, तीही पुष्कळ रक्तबंबाळ अशी, राजधानीपासून दूर आहे. ‘प्रांत’ हे भूगोलाचे नाव नसून संबंधांच्या एका रचनेचे नाव आहे, ही गोष्ट मराठी कादंबरीने इतक्या थेटपणे क्वचितच मांडली असेल.

या प्रवासाची ऐतिहासिक भूमी ठळक आहे. १९९२ मध्ये संमत होऊन १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्याने खुर्ची दिली, पण खुर्चीवर बसणाऱ्या बाईच्या वतीने नवरा बोलतो, सही कशावर घेतली ते तिला सांगितले जात नाही, आणि ती स्वतः बोलू लागली की अविश्वासाचा ठराव येतो. ‘ब्र काढणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी नकारार्थीच वापरतो: तिने ब्रही काढला नाही. शीर्षकाने त्या नकारातून नेमके ते एक अक्षर सोडवून घेतले आहे.

या कादंबरीवर वृत्तांतप्रधानतेचा आक्षेप घेता येतो. मुलाखती, नोंदी, प्रकरणे यांच्या गर्दीत प्रफुल्लाची स्वतःची कथा तुकड्यातुकड्यांनी येते. आक्षेपात तथ्य आहे. तथापि या तुकडेपणाला अर्थ आहे, असे मला वाटते. प्रफुल्ला आपली कहाणी सलग सांगू शकत नाही. दुसऱ्यांचे ऐकता ऐकता तिला आपले शब्द सापडतात. ज्या स्त्रीला घरात कुणी ऐकले नाही तिचे काम ऐकण्याचे असावे, ही योजना कादंबरीच्या घाटाला आतून धरून ठेवते.

याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. आदिवासी सरपंच स्त्रीचा उच्चार आपल्यापर्यंत पोचतो तो शहरी स्त्रीच्या वहीतून. एकीच्या मुक्तीसाठी दुसरीची वेदना साधन होते काय? कादंबरी हा प्रश्न पूर्णतः सोडवीत नाही. परंतु तो दडपणारी एक सोपी वाट तिने टाळली आहे. प्रफुल्ला येते आणि जाते. सरपंच स्त्रीला जाता येत नाही. तिची शेती, लेकरे, तिच्या नावावरची जागा सारे त्याच गावात आहे. ज्यांच्याशी भांडायचे ते शेजारीच राहतात. तिला स्वातंत्र्य मिळायचे तर तेथेच, त्याच पारावर, त्याच ग्रामसभेत मिळावयास हवे. निघून जाण्याच्या आराखड्यात न बसणारी ही स्त्री, माझ्या दृष्टीने, ‘ब्र’ने मराठी कादंबरीला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ती नायिका नाही, हेही अर्थपूर्ण आहे. तिला नायिका करू शकणारी कादंबरी वेगळ्या हातून यावी लागेल.

५

छत्रपती संभाजीनगरात, पूर्वीच्या औरंगाबादेत, बसून या संहिता वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. पुण्यात १८९६ मध्ये कर्वे यांचा आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. म्हणून १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ शक्य झाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद, येथे १९५० मध्ये आले आणि विद्यापीठ १९५८ मध्ये. घराबाहेर पडलेल्या मुलीची कथा लिहिली जाण्यासाठी आधी तिला राहण्याची जागा असावी लागते. साहित्यप्रकाराच्या इतिहासात वसतिगृहाचा विचार आपण करीत नाही. तो करावयास हवा. या भागातील स्त्रीलेखनाची वाट पुष्कळदा राहणाऱ्या स्त्रीच्या बाजूने गेली, यामागेही हे एक कारण असू शकेल. याच शहरातील कवयित्री अनुराधा पाटील यांच्या कवितेत गावपांढरीतच आयुष्य काढणाऱ्या बाईचे दुःख ज्या संयमाने येते, ते पाहावे. ‘कदाचित अजूनही’ या त्यांच्या संग्रहाला २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण गाव सोडण्याच्या कथेला सरावलेल्या आपल्या समीक्षेने त्या बाईकडे पुरेसे पाहिले आहे असे वाटत नाही.

पदव्युत्तर वर्गात पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडून आलेल्या मुलींना या संहिता शिकविताना मला माझ्याच विवेचनातील एक चूक ध्यानात आली. मी अनेक वर्षे नायिकेच्या ‘निघण्या’वर भर देत आले. वर्गातील बहुतेक मुलींच्या दृष्टीने निघणे हा दोन वर्षांचा, परतीच्या तिकिटासह मिळालेला अवधी असतो. एकीने चर्चेत विचारले की, नोरा गेली ते ठीक, पण ती रात्री कुठे राहिली? वर्गात हशा पिकला. तो प्रश्न मात्र माझ्या टाचणात नव्हता.

त्या प्रश्नाच्या उजेडात या संहिता पुन्हा वाचल्या तर त्यांचे परस्परनाते निराळे दिसते. शिरूरकरांनी पगार कोणाचा, हे विचारले. पवारांनी वेळ कोणाचा, हे विचारले. महाजनांनी बोलणे कोणाचे, हे विचारले. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर जागा बदलल्याने मिळत नाही, आणि जागा बदलल्यावाचून ते प्रश्न विचारण्याचे बळही बहुधा येत नाही. स्थलांतराचे महत्त्व आहे ते एवढेच, पण ते थोडके नव्हे. जी परत जाणार आहे, जिला राहावेच लागणार आहे, तिच्यासाठी या प्रश्नांची धार कमी होत नाही. उलट पगार, वेळ आणि वाचा यांचा हिशेब तिला आपल्याच माणसांत, रोज, ओळखीच्या नजरांसमोर मांडावा लागतो. मराठी स्त्रीवादी समीक्षेने निघून गेलेल्या नायिकेचे पुरेसे स्वागत केले आहे. शेवटच्या एसटीने गावी परतणाऱ्या या वाचक मुलीचा विचार आपल्या वाचनपद्धतीत अद्याप व्हावयाचा आहे. तो करू लागलो म्हणजे वर उल्लेखिलेली पुस्तके अभ्यासक्रमात कोणत्या कप्प्यात ठेवावयाची, हा प्रश्नही आपल्याला नव्याने सोडवावा लागेल.